धनत्रयोदशी ते लाभपाचम : एकट्या घरांच्या सोबतीचा प्रकल्प, बडोदे

२४ सप्टेंबर २०२५, बुधवार

नवरात्रातील गरब्यांमुळे संध्याकाळी कोणाला वेळ नसतो, म्हणून पहिली बैठक आज सकाळीच सूरसागरजवळ एका सभासदाच्या घरी घेतली. दांडिया बाजार, रावपुरा आणि खारीवाव रस्ता या भागांतील मराठी घरांत दिवाळीच्या दिवसांत जी माणसे एकटी असतात, त्यांच्यासाठी काय करता येईल, हा विषय होता. धनत्रयोदशीच्या सुमारास सर्वांना एका सभागृहात बोलवावे, गाण्याचा कार्यक्रम ठेवावा आणि फराळाची पाकिटे द्यावीत, अशी एक सूचना आली. सूचना मनापासून केलेली होती, तरीही मी तिच्या विरोधात बोलले. ज्यांच्यासाठी हे करायचे, त्यांच्यापैकी अनेकांनी मला वेगवेगळ्या प्रसंगी जवळजवळ एकच गोष्ट सांगितली आहे : दिवाळीचा दिवस कसाही निघून जातो, पुढचे दिवस मात्र सरता सरत नाहीत.

याचे कारण आपल्या शहराच्या रीतीत आहे. पाडव्यापासून लाभपाचमीपर्यंत, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीपर्यंत, बडोद्यातील बहुतेक दुकाने बंद असतात, शेजारी फिरायला बाहेरगावी जातात, कामाच्या बाई दाहोद, पंचमहाल किंवा छोटा उदेपूरकडे आपल्या गावी जातात, डबा देणाऱ्यांचे स्वयंपाकघर बंद होते आणि नेहमीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यावर सुट्टीची पाटी लागते. दोन-तीन दिवस वर्तमानपत्रही येत नाही. एकट्या माणसाचा दिवस ज्या लहान लहान येण्याजाण्यांवर उभा असतो, ती सारी एकाच आठवड्यात थांबतात. त्यामुळे आपले काम त्याच आठवड्यात असले पाहिजे, असे मी मांडले आणि थोड्या चर्चेनंतर ते मान्य झाले.

जागतिक आरोग्य संघटनेने यंदा ३० जून रोजी प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातील दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणा जाणवतो, असे म्हटले आहे. त्या अहवालातील एक भेद आमच्या कामासाठी उपयोगी आहे. माणसाचा इतरांशी संपर्कच कमी असणे ही एक गोष्ट, आणि हवी तशी जवळीक मिळत नाही याचे दुःख होणे ही दुसरी. घरात पाच माणसे असूनही दुसरी गोष्ट घडू शकते, आणि एकट्याने राहणारा एखादा समाधानीही असू शकतो. यादी करताना केवळ एकटे राहणाऱ्यांची नावे लिहून भागणार नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार (कोजागरी)

यादी आकाराला येत आहे. सर्वांत उपयोगी माहिती दूधवाल्याकडून आणि औषधांच्या दुकानातून मिळाली, कारण कोणाच्या दारात पिशवी दुपारपर्यंत तशीच राहते आणि कोण औषध न्यायला येईनासे झाले आहे, हे त्यांना ठाऊक असते. मात्र त्यांनी नाव सुचवले म्हणून थेट घरी जायचे नाही. आधी त्यांनीच त्या व्यक्तीला विचारावे आणि होकार आल्यावर आम्ही जावे, असे ठरवले आहे.

घरी गेल्यावर काय विचारायचे, यावर बराच वेळ दिला. ‘तुम्ही एकटे आहात, म्हणून आलो’ असे म्हणणे म्हणजे समोरच्याच्या हातात त्याचे एकटेपण नव्याने ठेवणे होय. त्याऐवजी साधे प्रश्न ठरले : तुमच्याकडे रोज कोण येते, त्यांपैकी दिवाळीत कोण सुट्टीवर जाणार, औषधे कोणत्या तारखेपर्यंत पुरतील, कोणाचा फोन कोणत्या वेळी येतो, आणि दिवाळीतले एखादे काम असे आहे का, की जे तुम्हाला चांगले जमते पण आता करायला निमित्त उरलेले नाही. शेवटचा प्रश्न मी आग्रहाने घालून घेतला.

मदनझांप्याकडील एका आजोबांनी पहिल्या प्रश्नाला दिलेले उत्तर इथे लिहून ठेवते : ‘पेपरवाला, दूधवाला आणि कामाच्या बाई. तिघेही फारसे बोलत नाहीत, पण येतात.’

११ ऑक्टोबर, शनिवार

कालच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनाला धरून आज स्वयंसेवकांसाठी एका मनोविकारतज्ज्ञांचे सत्र झाले. त्यांनी वेळ मोकळ्या हाताने दिला आणि सोप्या भाषेत सांगितले. नोंद सविस्तर ठेवत आहे, कारण पुढील दोन आठवड्यांत आम्हाला हेच लागणार आहे.

सणाच्या दिवसांत मन खाली जाणे हा आजार नव्हे. गेलेल्या माणसाची आठवण, पूर्वीच्या दिवाळीशी मनात होणारी तुलना, फटाक्यांमुळे मोडलेली झोप, जेवणाच्या बदललेल्या वेळा आणि फोनवर दिवसभर दिसणारे इतरांचे कौटुंबिक फोटो, एवढी कारणे उदासीला पुरेशी असतात, आणि ती बहुधा दिनक्रम रुळावर आला की ओसरते. शोक लाटांसारखा येतो. मधल्या वेळी माणूस हसतो, जेवतो, कोणी आले तर त्याला बरे वाटते. परंतु दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराचसा भाग मन खिन्न असेल किंवा कशातच गोडी वाटत नसेल, आणि त्यासोबत पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, भूक जाणे, आपण कोणाच्या उपयोगाचे नाही असे वाटणे, ही लक्षणे असतील, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्याला उपचारांची गरज असते. वयस्कर माणसे ‘मन उदास आहे’ असे सहसा म्हणत नाहीत. अंग दुखते, पोट साफ होत नाही, काही आठवत नाही, अशा तक्रारी सांगतात. ऐकू कमी येणारी व्यक्ती गर्दीत सर्वांत एकटी पडते, हेही त्यांनी आवर्जून सांगितले.

‘सण आहे, रडायचे नाही’, ‘मुलांनी एवढे केले आहे, तुम्हाला काय कमी’, ‘देवाचे नाव घ्या’ ही तीन वाक्ये आम्ही वर्ज्य ठरवली. त्यांतील तिसरे काही जणांना खटकले. श्रद्धाळू माणसाने स्वतः नामस्मरणाचा विषय काढला तर त्याच्यासोबत अवश्य बसावे. दुःख ऐकून घेण्याऐवजी ते वाक्य पुढे करू नये, एवढाच त्याचा अर्थ आहे.

कोणी ‘आता कशाला राहायचे’ असे म्हणाले, तर विषय बदलू नये. ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ असे शांतपणे आणि सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट बोलता आल्याने माणसाला आधार मिळतो. होय असे उत्तर आले तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, घरातील जास्तीची औषधे तिच्या संमतीने दुसऱ्याकडे ठेवावीत आणि त्याच दिवशी मदत मिळवावी. टेली मानस ही केंद्र सरकारची विनामूल्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ असून ती रात्रंदिवस चालते आणि मराठी व गुजराती या दोन्ही भाषांत बोलता येते. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा क्रमांक सकाळी आठ ते रात्री आठ या वेळेत आहे. कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे, आणि सयाजीराव रुग्णालयाचा तातडीचा विभाग दिवाळीतही उघडा असतो. हे सर्व एका कार्डावर मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येक घरी फोनजवळ ठेवायचे आहे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार (वसुबारस)

औषधांचे काम आज पूर्ण झाले. ज्यांच्या गोळ्या लाभपाचमीच्या आत संपणार होत्या, त्यांच्याकडे आता महिनाअखेरपर्यंतचा साठा आहे. कोणत्या घरी कोणी आणि कोणत्या वेळी जायचे, याचा तक्ता तयार आहे. वेळ एकदा सांगितली की ती पाळायची, कारण वाट पाहणाऱ्याला दहा मिनिटांचा उशीरही मोठा वाटतो.

२० ऑक्टोबर, सोमवार (नरक चतुर्दशी)

पहाटेच्या फोनची वेळ अनेक घरांत उत्तम साधली. आपल्याकडे साडेपाच वाजतात तेव्हा न्यू जर्सीत आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ वाजलेले असतात, आणि तो रविवार असल्याने मुले-नातवंडे घरीच होती. उटणे, कारीट, पणत्या यांतले सारे त्यांना पडद्यावर दाखवून झाले. सकाळच्या भेटी त्यामुळे हसतमुख झाल्या, आणि आज कोणाकडेही अधिक वेळ थांबावे लागले नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार (लक्ष्मीपूजन)

यंदा तिथीमुळे आजचा दिवस वेगळा आला. गुजराती शेजाऱ्यांची दिवाळी काल झाली आणि उद्या त्यांचे नवे वर्ष. मधला आजचा दिवस त्यांच्याकडे पडतर, म्हणजे मोकळा. आपल्या पंचांगाप्रमाणे मात्र लक्ष्मीपूजन आज संध्याकाळी. परिणामी पोळीतील, म्हणजे जुन्या शहरातील आमच्या गल्लीतील, बहुतेक घरांत आज दिव्यांची गडबड नव्हती, आणि ज्या मराठी घरात एकच माणूस आहे, तिथे पूजा अगदी शांततेत मांडली गेली.

खारीवाव रस्त्यावरील एका आजींकडे मी संध्याकाळी होते. मुलासाठी अनारसे आणि चकल्यांचे पार्सल त्यांनी दसऱ्याआधीच कुरिअरने अमेरिकेला पाठवले होते. पाटावर तांदळाची रास, त्यावर कलश, शेजारी नवी केरसुणी, लाह्या-बत्तासे, आणि पाटाच्या कडेला, जिथे पूर्वी त्यांचे यजमान बसत तिथे, उभा करून ठेवलेला फोन. सात वाजले. तिकडे मंगळवारची सकाळ, साडेनऊची वेळ. मुलगा कामावर होता आणि ‘दुपारी जेवणाच्या सुट्टीत करतो’ असा त्याचा निरोप आला. तिकडची दुपार म्हणजे आपली रात्र. आजींनी निरोप दोनदा वाचला, फोन उचलून कपाटावर ठेवला आणि मला म्हणाल्या, ‘आता तू बस तिथे.’ मी बसले. आरतीच्या वेळी त्यांचा आवाज मधल्या एका कडव्यात थांबला. मी पुढचे म्हणत राहिले आणि शेवटच्या कडव्याला त्या पुन्हा सामील झाल्या. प्रसाद घेतल्यावर त्यांनी मला चकलीची भाजणी किती भाजायची, हे तपशीलवार सांगितले, आणि त्या बोलण्यात अर्धा-पाऊण तास गेला.

कामाच्या दृष्टीने यातून एक ठोस गोष्ट मिळाली. परदेशातील मुलांना केवळ ‘फोन करा’ असे सांगण्याने काम होत नाही. कोणत्या दिवशी, इथल्या किती वाजता, हे आधी ठरवून दोन्हीकडे लिहून ठेवले पाहिजे. आपली संध्याकाळ आणि तिकडचा कामाचा दिवस एकमेकांवर येतात, तेव्हा त्या वेळेला प्रत्यक्ष माणूस घरी हवा. उरलेल्या दिवसांसाठी आज रात्रीच असा तक्ता मुलांना पाठवला.

२२ ऑक्टोबर, बुधवार (पाडवा)

विक्रम संवत २०८२ आज सुरू झाले. सकाळी साल मुबारक म्हणत पोळीतील लहानथोर घरोघरी आले, पाया पडले, मठिया आणि चोळाफळी खाऊन गेले. एकट्या मराठी घरांनाही या रिवाजाचा मोठा लाभ होतो. दहा-साडेदहापर्यंत दारात चपला होत्या. दुपारी गाड्या निघाल्या आणि गल्ली रिकामी झाली.

पाडव्याला पत्नी पतीला ओवाळते. ज्यांचा जोडीदार गेला आहे त्यांच्यासाठी वर्षातील अवघड घटकांपैकी ही एक असते, आणि हे आम्ही आधी ओळखले होते. मदनझांप्याच्या आजोबांकडे दोन दिवाळी अंक प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट पडून होते. दरवर्षी ते पत्नीला मोठ्याने वाचून दाखवत, म्हणून यंदा उघडले नाहीत. आमच्या स्वयंसेविकेने त्यांना उघडा असे म्हटले नाही. शेजारच्या गल्लीतील एका बाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन व्हायचे आहे, त्यांना वाचता येत नाही, तर उद्यापासून तुम्ही चार वाजता तिकडे याल का, असे विचारले. आजोबांनी विचार करून कळवतो असे सांगितले.

ज्या घरांत वर्षभरात मृत्यू झाला आहे, तिथे फराळ तळत नाहीत. तो शेजारून आणि नातलगांकडून जातो. ही जुनी पद्धत फार शहाणपणाची आहे, कारण तिच्यामुळे दुःखातल्या घरी कोणीतरी जातेच. आम्ही डबे पोहोचवले आणि प्रत्येक ठिकाणी टेकून बसलो. दारातून डबा देऊन परतायचे नाही, असा आमचा नियम आहे.

२३ ऑक्टोबर, गुरुवार (भाऊबीज)

आजोबा चार वाजता वाचायला आले. भाऊ नसलेल्या दोघी बहिणींनी संध्याकाळी गच्चीवरून चंद्राला ओवाळले. पायऱ्या चढायला त्यांना हात देण्यासाठी एक मुलगा पाठवला होता.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आजचा दिवस सर्वांत जड होता.

आधी तुलनेने सोपी गोष्ट लिहिते. यादीत केवळ वृद्ध नाहीत. जळगावकडचा एक तरुण मकरपुऱ्याच्या बाजूला राहतो आणि रसायनाच्या कारखान्यात पाळ्या करतो. अखंड चालणारी यंत्रे सणासाठी थांबवता येत नाहीत, त्यामुळे नव्या माणसांना दिवाळीत सुट्टी मिळत नाही. त्याचा डबा धनत्रयोदशीपासून बंद होता आणि तो बिस्किटांवर दिवस काढत होता. खारीवावच्या आजींना आम्ही विचारले; त्यांनी वरण-भात, बटाट्याची भाजी आणि कोशिंबीर केली. रात्रपाळी करून आलेला तो मुलगा मुकाट्याने जेवला आणि दिवाणखान्यातील झोपाळ्यावर बसल्या बसल्या झोपी गेला. दोघांत फारसे संभाषण झाले नाही. आजींनी त्याच्या अंगावर चादर घातली आणि दुपारभर टीव्हीचा आवाज बंद ठेवला. उद्या किती वाजता येणार, हे त्यांनी निघताना त्याच्याकडून कबूल करून घेतले.

दुसरी गोष्ट अशी. साठीच्या पुढच्या एका बाई, ज्यांचे यजमान श्रावणात गेले, त्यांच्या घरी सकाळी गेलेल्या स्वयंसेविकेने पाहिले की गोळ्यांच्या डबीतील मंगळवारपासूनचे कप्पे भरलेलेच आहेत आणि फ्रीजमध्ये दुधाच्या पिशव्या न फोडता रचलेल्या आहेत. बोलताना कळले की पहाटे तीनला जाग येणे आणि जेवण नकोसे होणे हे महिन्याभरापासून चालू आहे. त्या म्हणाल्या, ‘झोपेतच संपावे, असे वाटते.’ स्वयंसेविकेने सत्रात सांगितल्याप्रमाणे सरळ विचारले. जीव देण्याचा विचार मनात येऊन जातो, पण काही ठरवलेले नाही, असे त्यांनी सांगितले आणि मग पुष्कळ रडल्या. त्यांच्या संमतीने १४४१६ वर फोन लावला. समुपदेशक मराठीत बोलल्या, घाई न करता बोलल्या, आणि डॉक्टरांना लवकर दाखवावे, तोपर्यंत त्यांना एकटे ठेवू नये, असे सुचवले. जास्तीच्या गोळ्या शेजारच्या काकूंकडे ठेवल्या, पुण्याहून भाची रात्रीच्या गाडीने निघाली, आणि ती पोहोचेपर्यंत आमच्यापैकी एकीने तिथेच मुक्काम केला.

या बाईंना परवाच्या फराळाच्या भेटीत आम्ही पाहिले होते. त्या नीटनेटक्या साडीत होत्या, त्यांनी चहा केला आणि चौकशीही केली. एका भेटीत माणूस स्वतःला सावरून बसू शकतो. म्हणूनच मला एकदिवसीय कार्यक्रमापेक्षा पुन्हा पुन्हा जाणे इतके गरजेचे वाटते.

२६ ऑक्टोबर, रविवार (लाभपाचम)

सकाळी रावपुऱ्यात दुकानदारांनी पूजा करून शटर उघडले. कामाच्या बायका एकेक करून परत येत आहेत. भेटींचा रोजचा तक्ता आज संपला, परंतु चार वाजताचे वाचन वाचणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या इच्छेने चालू राहणार आहे.

या आठवड्यात ज्यांना बरे गेले, त्यांच्या दिवसांत काही गोष्टी समान दिसतात. अंघोळीची आणि जेवणाची वेळ त्यांनी सुट्टीतही मोडली नाही. सकाळच्या उन्हात थोडे चालणे झाले, कमाटी बागेपर्यंत जाता आले नाही तरी पोळीच्या तोंडापर्यंत. फोनवरचे फोटो पाहण्याला त्यांनी वेळेची मर्यादा घातली. आणि दिवसातून एकदा तरी त्यांची कोणाला तरी गरज लागली. मन तयार झाल्यावर काम करू असे म्हणत थांबण्यापेक्षा लहानसे काम आधी हातात घ्यावे, मन मागाहून येते, या तत्त्वावर नैराश्यासाठीची एक मान्य उपचारपद्धतीही उभी आहे. ज्यांनी सण करायचा नाही असे ठरवले होते, त्यांना आम्ही आग्रह केला नाही. त्यांच्याकडे दिवा न लावताही बसता आले.

५ नोव्हेंबर, बुधवार (कार्तिक पौर्णिमा)

देवदिवाळीच्या गर्दीमुळे गावातल्या भागात जाणे-येणे संध्याकाळी कठीण होते, म्हणून बैठक दुपारी उरकली. त्या बाईंना भाचीने गेल्या आठवड्यात सोमवारी, २७ तारखेला, मनोविकार विभागात नेले होते. औषध सुरू झाले आहे. त्याचा गुण दिसायला काही आठवडे लागतात आणि बरे वाटले तरी मनाने ते बंद करायचे नसते, हे डॉक्टरांनी दोघींनाही समजावून सांगितले आहे. भाची या महिन्यात इथेच राहणार आहे. ती परत गेल्यावर कोणत्या वारी कोणी जायचे, हे आज लिहून काढले.

पाळीवरचा मुलगा आता पुन्हा डब्यावर जेवतो, पण रविवारी खारीवावला येतो. आजींनी मुलाच्या फोनची वेळ शनिवारी रात्री नऊ अशी पक्की करून घेतली आहे. मात्र अमेरिकेतील घड्याळे गेल्या रविवारपासून एक तास मागे गेली आहेत, तेव्हा तिकडे ती वेळ साडेअकराऐवजी सकाळचे साडेदहा होईल, हे मुलाला कळवले.

पुढचा अवघड दिवस उत्तरायणाचा, १४ जानेवारी. त्या दिवशी पतंग उडवायला सारे शहर गच्चीवर असते आणि ज्यांना जिना चढवत नाही ते खाली बंद घरात एकटे राहतात. तळमजल्यावर कोणकोणती घरे आहेत, त्यांपैकी कोणाला खुर्चीतून उचलून वर नेता येईल आणि कोणाकडे खालीच बसायला जावे लागेल, याची यादी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात करायला घ्यायची आहे.